एका आडनावाचा प्रवास



७ मे १९४५ रोजी, पहाटे पावणेतीनच्या सुमारास, फ्रान्समधील रँस शहरातील एका शाळेच्या इमारतीत जर्मन सेनेच्या वतीने जनरल आल्फ्रेट योडल यांनी शरणपत्रावर सही केली. सही झाल्यावर त्यांना मित्रराष्ट्रांच्या सरसेनापतीसमोर नेण्यात आले. ज्या सेनापतीपुढे जर्मनी शरण आली, त्याचे आडनाव जर्मन होते. ड्वाइट डेव्हिड आयसेनहॉवर या नावातील शेवटचा शब्द योडल यांच्या कानाला परका वाटण्याचे कारण नव्हते. लिहिण्याची पद्धत तेवढी बदललेली होती, उच्चार घरचाच होता.

हे नाव जर्मनीतून कसे निघाले, कोणत्या वाटेने गेले आणि वाटेत त्याचे काय झाले, हा या व्याख्यानाचा विषय आहे. एका घराण्याची थोरवी गाणे हा त्यामागील हेतू नाही. आडनावावरून माणसाचे कूळ, धर्म, देश आणि निष्ठा ताबडतोब ठरवून टाकण्याची सवय जगात सर्वत्र आढळते. ती सवय कितपत विश्वसनीय आहे, हे एका नावाच्या इतिहासावरून तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम जर्मन आडनावांविषयी थोडेसे सांगणे अवश्य आहे. मध्ययुगाच्या पूर्वार्धात जर्मन भाषिक प्रदेशात माणसाला एकच नाव पुरत असे. बाराव्या शतकापासून शहरे वाढली. एका गल्लीत पाच योहान राहू लागले, तेव्हा कर वसूल करणाऱ्याला आणि करार लिहिणाऱ्याला त्यांच्यातील फरक दाखविणारा दुसरा शब्द हवा झाला. हा शब्द चार मार्गांनी आला. काहींना बापाचे नाव लागले, जसे पेटर्स. काहींना गावाचे किंवा प्रदेशाचे नाव लागले, जसे बायर, म्हणजे बव्हेरियाचा रहिवासी. काहींना त्यांच्या अंगलक्षणावरून किंवा स्वभावावरून नाव पडले, जसे क्लाइन म्हणजे लहानखुरा आणि क्राउझ म्हणजे कुरळ्या केसांचा. सर्वांत मोठा वर्ग मात्र धंद्यावरून पडलेल्या नावांचा. म्युलर म्हणजे पिठाच्या चक्कीचा चालक, श्मिट म्हणजे लोहार, वेबर म्हणजे विणकर, फिशर म्हणजे मासेमार. म्युलर हे आजही जर्मनीतील सर्वांत प्रचलित आडनाव आहे.

ही नावे प्रथम पिढीजात नव्हती. लोहाराचा मुलगा विणकर झाला तर त्याचे नावही बदले. पुढे हळूहळू ती वंशपरंपरेने चालू लागली आणि सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत बहुतेक प्रदेशांत स्थिर झाली. तथापि हा नियम सार्वत्रिक नव्हता. उत्तरेकडील फ्रिसलंडमध्ये बापाचे नाव लावण्याची जुनी रीत इतकी टिकून होती की तिथे कायम आडनाव घेण्याची सक्ती १८११ साली नेपोलियनच्या फर्मानाने झाली. ज्यू प्रजाजनांना कायमची आडनावे घेण्याचा आदेश ऑस्ट्रियात १७८७ साली आणि प्रशियात १८१२ साली निघाला. आज पुरातन वाटणारी कित्येक नावे अशा रीतीने सरकारी कचेरीत, एका ठरावीक मुदतीच्या आत जन्माला आली आहेत.

नाव स्थिर झाले तरी त्याचे लेखन स्थिर नव्हते. धर्मोपदेशक आपल्या नोंदवहीत जन्म, विवाह आणि मृत्यू टिपून ठेवीत. ते जसे ऐकत तसे लिहीत. एकाच माणसाचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी एक प्रकारे, विवाहाच्या वेळी दुसऱ्या प्रकारे आणि दफनाच्या वेळी तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले सापडते. स्त्रियांच्या आडनावाला शेवटी 'इन' हा प्रत्यय लागे. म्युलरची बायको म्युलरिन होई. एका घरातील सर्व मुलग्यांचे पहिले नाव योहान असे आणि हाक मारण्याचे नाव दुसरे असे. संशोधकाला हे ठाऊक नसेल तर तीन भावांना तो एकच माणूस समजून बसतो. साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी नागरी नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली आणि त्यानंतरच नावातील अक्षरे हलेनाशी झाली. परंतु तोपर्यंत लक्षावधी जर्मन माणसे समुद्रापार जाऊन पोहोचली होती.

आता आपल्या नावाकडे वळू. मूळ जर्मन रूप 'आयझेनहाउअर' असे आहे. 'आयझेन' म्हणजे लोखंड. 'हाउएन' म्हणजे तोडणे किंवा घाव घालणे, आणि 'हाउअर' हा खाणीतील शब्द आहे; खाणीच्या पोटात हत्याराने खडक फोडणाऱ्या मजुराला हाउअर म्हणतात. तेव्हा या नावाचा सामान्यतः दिला जाणारा अर्थ 'लोखंडाचे खनिज फोडणारा' असा आहे. घाव घालण्याच्या क्रियापदामुळे त्यात तलवारीचा खणखणाट ऐकण्याचा मोह होतो, आणि पुढे या नावाचा एक माणूस सेनापती झाल्यावर तो मोह अनावर झाला असल्यास नवल नाही. परंतु नाव पाडणाऱ्यांना पुढची शतके दिसत नव्हती. त्यांच्या समोर असलाच तर धुळीने माखलेला एक कष्टकरी होता.

या घराण्याचे जर्मनीतील ज्ञात गाव कार्ल्सब्रुन. सारब्र्युकेनच्या नैऋत्येस वार्न्ट नावाचे रान आहे, त्यात हे लहानसे खेडे वसले आहे. ते आज जर्मनीच्या सारलांड राज्यात, फ्रान्सच्या सरहद्दीला अगदी लागून आहे. सारचा प्रदेश कोळसा आणि लोखंड यांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे आयझेनहाउअर हे नाव इथल्या खाणींतून आले असावे, असा तर्क चटकन सुचतो. तो टिकत नाही. कार्ल्सब्रुन हे खेडेच मुळी अठराव्या शतकाच्या आरंभी वसविलेले आहे, आणि त्या काळापर्यंत आडनावे पिढीजात होऊन बराच काळ लोटला होता. म्हणजे हे लोक या गावात आले तेव्हा नाव बरोबर घेऊनच आले. अमेरिकेच्या फार पूर्वी या घराण्याने एक स्थलांतर केले होते, असा याचा अर्थ होतो.

त्या काळी 'जर्मनी' नावाचे राज्य नव्हते. पवित्र रोमन साम्राज्याच्या छत्राखाली शेकडो लहानमोठी राज्ये नांदत होती. कार्ल्सब्रुन ज्या राज्यात होते ते नासाउ-सारब्र्युकेनच्या काउंटचे. ऱ्हाइनच्या पश्चिमेकडील या पट्ट्यातून फ्रेंच फौजा वारंवार जात-येत असत. तीस वर्षांच्या युद्धाने, म्हणजे १६१८ ते १६४८ या काळात, त्यातील पुष्कळशी गावे ओस पडली होती. त्यानंतर चौदाव्या लुईच्या स्वाऱ्या झाल्या. १७०८-०९ चा हिवाळा इतका कडक पडला की द्राक्षांचे मळे गोठून गेले. १७०९ साली शेजारच्या पॅलाटिनेट भागातून आणि आसपासच्या प्रदेशांतून सुमारे १३,००० माणसे लंडनला जाऊन थडकली. त्यांच्यापैकी सुमारे ३,००० पुढे न्यूयॉर्कला रवाना झाली. तेव्हापासून अमेरिकेची वाट पडली.

त्या वाटेवर १७४१ साली हान्स निकोलाऊस आयझेनहाउअर हा कार्ल्सब्रुनचा रहिवासी आपल्या कुटुंबासह निघाला. अशा प्रवासाचे स्वरूप गॉट्लीब मिटेलबर्गर याच्या प्रवासवृत्तावरून चांगले समजते. तो १७५० साली पेनसिल्व्हानियाला गेला होता आणि परत आल्यावर १७५६ साली त्याने आपला अनुभव प्रसिद्ध केला. हाइलब्रोनपासून हॉलंडपर्यंत नदीमार्गाने जाताना ३६ जकातनाकी लागतात आणि प्रत्येक नाक्यावर नावा थांबवून ठेवल्या जातात, असे तो सांगतो. रॉटरडॅमला आठवडेच्या आठवडे जहाजाची वाट पाहावी लागे. मग इंग्लंडच्या एखाद्या बंदरात थांबा होई, आणि त्यानंतर वारा अनुकूल असल्यास सात, नसल्यास बारा आठवड्यांचा समुद्रप्रवास असे. ज्यांच्यापाशी भाड्याचे पैसे नसत त्यांना अमेरिकेत उतरल्यावर तीन ते सहा वर्षे दुसऱ्याकडे राबून ते फेडावे लागत. मुलांना तर एकविसाव्या वर्षापर्यंत बांधून घेत.

नोव्हेंबर १७४१ मध्ये 'युरोपा' नावाचे जहाज फिलाडेल्फियाला पोहोचले. आणि इथेच आपल्या कथेतील महत्त्वाचा प्रसंग येतो. जर्मनांची संख्या फार वाढते आहे, या चिंतेने पेनसिल्व्हानियाच्या सरकारने १७२७ साली ठराव केला होता की, सोळा वर्षांवरील प्रत्येक परदेशी पुरुषाने उतरताच ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी आणि सही करावी. त्यामुळे पुढे एकेका जहाजाच्या तीन-तीन याद्या होऊ लागल्या. एक जहाजाच्या कप्तानाने केलेली आणि दोन शपथांच्या. कप्तान बहुधा इंग्रजी बोलणारा. जर्मन शेतकऱ्याने आपले नाव उच्चारावे आणि इंग्रजी कानाने ते टिपावे. ज्यांना लिहिता येई ते शपथपत्रावर जर्मन लिपीत आपली सही करीत. ज्यांना येत नसे ते फुली मारीत आणि नाव कारकून लिही. या याद्या सुदैवाने शिल्लक राहिल्या व १९३४ साली छापूनही निघाल्या. एकाच माणसाची एकाच जहाजावरची दोन-तीन वेगवेगळी नावे शेजारी शेजारी वाचताना, आडनाव म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो ती वस्तू किती ठिसूळ आहे हे ध्यानात येते.

आयझेनहाउअरचा आयसेनहॉवर नेमका कोणत्या पिढीत झाला, याविषयी निरनिराळ्या हकिकती सांगितल्या जातात. बदलाचे कारण मात्र स्पष्ट आहे. जर्मनमध्ये 'ए-यू' ही दोन अक्षरे जोडून लिहिली की त्यांचा उच्चार 'आउ' होतो. तीच अक्षरे पाहून इंग्रज मनुष्य 'ऑ' म्हणतो. अक्षरे जशीच्या तशी ठेवली असती तर लोक 'हॉअर' म्हणू लागले असते. मूळ ध्वनी राखावयाचा तर अक्षरे बदलणे भाग होते, म्हणून 'यू'च्या जागी 'डब्ल्यू' आला आणि त्याला मिळवून घेण्यासाठी 'ए'चा 'ओ' झाला. लेखनाचा त्याग करून उच्चार वाचविण्याचा हा मार्ग होता. पूर्वजांचे नाव मोडून टाकले, असा आरोप अशा कुटुंबांवर होतो तो यामुळेच अन्यायाचा ठरतो. गंमत अशी की हे नाव इंग्रजी लेखनावरून देवनागरीत आले तेव्हा पुन्हा बदलले. डिसेंबर १९५९ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर भारताच्या भेटीस आले होते. मराठी मजकुरात रूढ झालेल्या त्यांच्या नावात 'हॉ' आहे. वस्तुतः मूळचा 'हाउअर' देवनागरीत जसाच्या तसा लिहिता आला असता. परंतु नाव ज्या दाराने येते त्या दाराची मापे घेऊनच आत येते.

अमेरिकेत गेलेल्या जर्मन नावांनी साधारणतः दोन मार्ग पत्करले. पहिला उच्चार राखण्याचा. हूबर याचे हूव्हर झाले. अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्या घराण्याचे मूळ नाव तेच. दुसरा मार्ग भाषांतराचा. श्मिटचा स्मिथ, त्सिमरमानचा कार्पेंटर, श्वार्ट्सचा ब्लॅक. काही घराण्यांनी दोहोंची सांगड घातली. पियानो तयार करणारे हाइनरिख श्टाइनवेग १८५० साली हार्झ पर्वताच्या परिसरातून न्यूयॉर्कला गेले आणि पुढे त्या घराण्याने स्टाइनवे हे नाव घेतले; पहिला अर्धा भाग जर्मन राहिला, दुसऱ्याचे इंग्रजी भाषांतर झाले. म्हणून अमेरिकेतील प्रत्येक स्मिथ इंग्लंडचा असे मानणे जितके चूक, तितकेच जर्मन वळणाच्या प्रत्येक नावाचा माणूस जर्मन असे मानणेही चूक.

हान्स निकोलाऊसचे वंशज पेनसिल्व्हानियात शेती करून राहिले. त्यांच्यापैकी जेकब आयसेनहॉवर, जन्म १८२६, हे अध्यक्षांचे आजोबा. ते 'रिव्हर ब्रेद्रेन' या पंथाचे धर्मोपदेशक होते. सस्क्वेहाना नदीच्या परिसरात उदयाला आलेला हा पंथ साधी राहणी पाळी व शस्त्र हाती घेणे पाप मानी. १८७८ साली या पंथाची शेकडो माणसे रेल्वेने कॅन्ससच्या माळरानावर जाऊन स्थायिक झाली. जेकब यांचे कुटुंबही त्यांत होते. त्यांचे चिरंजीव डेव्हिड यांनी शेतीऐवजी दुकान काढले, ते चालले नाही, म्हणून ते टेक्ससमधील डेनिसन येथे रेल्वेत कामाला लागले. तिथे १४ ऑक्टोबर १८९० रोजी ड्वाइट यांचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब कॅन्ससमध्येच ॲबिलीन येथे परतले. मातोश्री आयडा स्टोव्हर याही जर्मन वंशाच्याच होत्या आणि युद्धाच्या कट्टर विरोधक होत्या. त्यांचा मुलगा १९११ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात दाखल झाला. आजोबांचे आडनाव त्याच्याकडे आले. आजोबांचा धर्मविचार आला नाही. नावाबरोबर काय येते आणि काय येत नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

वेस्ट पॉइंटच्या १९१५ सालच्या वार्षिकात सहाध्यायांनी या तरुणाचा उल्लेख थट्टेने 'स्वीडिश ज्यू' असा केला आहे. तो स्वीडिश नव्हता आणि ज्यूही नव्हता. आडनावावरून आणि चेहऱ्यावरून बांधलेले अंदाज कुठवर भरकटतात हे त्यावरून दिसते. ही थट्टा निरुपद्रवी ठरली. परंतु नावांशी चाललेला खेळ नेहमीच निरुपद्रवी राहत नाही.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि जर्मन नावाची माणसे एकाएकी संशयित ठरली. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रागर नावाच्या जर्मन खाणकामगाराला जमावाने झाडाला लटकावून ठार मारले. या काळात पुष्कळांनी आपली नावे बदलली. पूर्वीचे बदल कारकुनाच्या कानामुळे आणि रोजच्या सोयीमुळे झाले होते. हे बदल भीतीपोटी झाले. त्याच वर्षी तरुण अधिकारी आयसेनहॉवर गेटिसबर्ग येथील छावणीत अमेरिकन सैनिकांना रणगाड्यांचे शिक्षण देत होते.

ही भीती राजवाड्यापर्यंत पोहोचली होती. भारतीयांना एक जर्मन आडनाव अगदी निकटचे आहे, परंतु ते जर्मन आहे हे सहसा लक्षात येत नाही. हेस प्रांतात बाटेनबेर्ग नावाचे एक गाव आहे. हेसच्या एका राजपुत्राने आपल्या दर्जापेक्षा खालच्या समजल्या गेलेल्या स्त्रीशी विवाह केला, तेव्हा १८५१ साली तिला या गावाच्या नावाची पदवी देण्यात आली. त्यांचा मुलगा लुई ब्रिटिश नौदलात गेला आणि १९१२ साली त्याच्या सर्वोच्च पदावर चढला. युद्ध सुरू होताच त्याच्या जर्मन जन्मावरून काहूर उठले आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये त्याला पद सोडावे लागले. जुलै १९१७ मध्ये ब्रिटिश राजघराण्याने विंडसर हे नाव धारण केले, त्याच सुमारास बाटेनबेर्ग कुटुंबाने आपल्या नावाचे भाषांतर केले. 'बेर्ग' म्हणजे पर्वत, इंग्रजीत 'माउंट'. दोन्ही भागांची अदलाबदल होऊन माउंटबॅटन हे नाव तयार झाले. १९४७ साली भारताचे शेवटचे व्हाइसरॉय म्हणून आलेले गृहस्थ या लुईचे धाकटे चिरंजीव. ते जन्मले तेव्हा बाटेनबेर्ग होते.

याहून भयंकर प्रकार खुद्द जर्मनीत घडला. एप्रिल १९३३ च्या कायद्याने सरकारी नोकरांना आपले 'आर्यत्व' सिद्ध करावे लागले. आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू निघाला तरी नोकरी जाऊ लागली. त्यासाठी स्वतःचा, आईबापांचा आणि चारही आजी-आजोबांचा असे जन्माचे किंवा बाप्तिस्म्याचे सात दाखले जमवावे लागत. चर्चच्या ज्या जुन्या वह्या धर्मोपदेशकांनी भक्तिभावाने लिहिल्या होत्या, त्या माणसे वेगळी काढण्याच्या उपयोगी पडल्या. ज्यांची नावे ज्यू म्हणून ओळखू येत नव्हती, त्यांना ऑगस्ट १९३८ च्या आदेशाने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावाला 'इस्रायल' किंवा 'सारा' हा शब्द जोडण्याची सक्ती झाली. दीडशे वर्षांपूर्वी सरकारने ज्यूंना इतरांसारखी आडनावे घ्यावयास लावली होती. आता सरकारच त्यांच्या नावावर खूण करू लागले. वंशावळीचा अभ्यास निर्दोष छंद म्हणून करणाऱ्याने ही सात दाखल्यांची गोष्ट विसरू नये.

मग आडनावाचा अभ्यास करावाच कशाला? करावा, पण ते काय सांगू शकते याची मर्यादा ओळखून करावा. पाच पिढ्या मागे गेले की प्रत्येक माणसाला बत्तीस पूर्वज असतात. त्यांपैकी एकाचेच आडनाव त्याच्यापर्यंत येते. उरलेल्या एकतीस जणांच्या, विशेषतः सोळाही स्त्रियांच्या, नावांचा त्यात मागमूस नसतो. तेव्हा रक्ताविषयी आडनाव फारच थोडे सांगते. वाटेविषयी मात्र ते पुष्कळ सांगते. जर्मन आडनावांचा जो मोठा नकाशासंग्रह २००९ ते २०१८ या काळात प्रसिद्ध झाला, तो २००५ सालच्या दूरध्वनी-जोडण्यांवर आधारलेला आहे. शिंप्याच्या धंद्यावरून पडलेले नाव उत्तरेस श्र्योडर आणि दक्षिणेस श्नाइडर आढळते, हे त्यात सहज दिसते. दोन महायुद्धे आणि लोकसंख्येची प्रचंड उलथापालथ होऊनही मध्ययुगातील बोलीभाषांच्या सीमा दूरध्वनीच्या यादीत टिकून राहिल्या. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत चार कोटींहून अधिक लोकांनी आपले मूळ जर्मन असल्याचे नोंदविले. त्यांच्यापैकी किती जणांच्या आडनावावरून ते ओळखता येईल, हा प्रश्न वेगळा.

मार्च १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने सारब्र्युकेन घेतले. ते सैन्य ज्यांच्या आज्ञेत होते त्यांचा पूर्वज दोनशे चार वर्षांपूर्वी त्याच परिसरातून निघाला होता. व्यापलेल्या प्रदेशात जर्मन आणि इंग्रजी भाषांत लावलेल्या जाहीरनाम्यांच्या खाली त्यांचेच नाव छापलेले होते. युद्धानंतर सार फ्रान्सच्या वर्चस्वाखाली गेला आणि तेथील लोकांनी १९५५ साली दिलेल्या कौलानंतर १ जानेवारी १९५७ रोजी जर्मन संघराज्यात सामील झाला. त्या वेळी आयसेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष होते. हान्स निकोलाऊस निघाला तेव्हा कार्ल्सब्रुन नासाउच्या काउंटचे होते. त्यानंतर ते फ्रेंच, प्रशियन, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे, नाझी जर्मनीचे, पुन्हा फ्रेंच वर्चस्वाखालचे आणि अखेर संघराज्याचे झाले. गाव जागेवरून हलले नाही, पण त्याच्या देशाचे नाव पुन्हा पुन्हा बदलले. आडनाव समुद्र ओलांडून दोन भूखंडांवर फिरले आणि त्यात केवळ दोन अक्षरांचा फरक पडला. या दोहोंपैकी कशावरून माणसाची निष्ठा मोजावी, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. कोणाचे आडनाव ऐकून त्याच्याविषयी मत बनविण्यापूर्वी तो विचारला, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.